सुट्टीचे सहा आठवडे: फॅशन, फिल्म की म्युझिक? सर म्हणतायत एकच निवड

काजबटण:

नमस्कार, जरा लांबण लागणारे, आधीच सॉरी.

डिझाइनचं दुसरं वर्ष संपलं, परवा ज्युरी (म्हणजे सरांसमोर वर्षभराचं काम मांडायचं) झाली, आता जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. ज्युरीत एका सरांनी माझं स्केचबुक चाळलं, पहिली दहा-बारा पानं नुसते ब्लाउजचे गळे, मग सिनेमे पॉज करून काढलेल्या फ्रेम्स, आणि शेवटी आजोबांच्या ट्रंकेतल्या कॅसेटच्या कव्हरांवरची अक्षरं, ती जाडजूड रंगीत सावलीवाली असतात ना ती, मला जाम आवडतात. सर म्हणाले तुला नेमकं करायचंय काय. म्हटलं सर तिन्ही. तर म्हणे ही भेळ झाली, सुट्टीत एक काय ते ठरव, तिसऱ्या वर्षाला असं चालणार नाही. तेव्हापासून डोक्यात तेच.

इंटर्नशिप सुचवू नका प्लीज. गेल्या मे महिन्यात एका बुटीकमध्ये केली, फुकट. महिनाभर हुक लावले आणि किमतीची लेबलं अडकवली, शिकायला काय मिळालं तर एसीचा रिमोट कुठे ठेवतात ते, आणि सर्टिफिकेटवर आडनाव चुकीचं. 

घर डोंबिवलीत. आई घरी फॉल-पिकोची कामं घेते त्यामुळे मशीन आहे. आजोबा लालबागला गिरणीत होते, ८२च्या संपापर्यंत. माझ्याकडे बरा फोन आहे, रडका लॅपटॉप आहे, रेल्वेचा पास आहे आणि साठवलेले तीन हजार. गावाला आठवडाभर जाणार, म्हणजे हातात पाच आठवडेच धरा.

तर विचारायचंय हे की खरंच एक निवडायला हवं का? आणि तीन हजारात, या घामात, काय करता येईल जे तिसऱ्या वर्षात टेबलावर ठेवल्यावर भेळ वाटणार नाही? 'मनाला विचार' असं कोणी म्हणू नका, मनाला विचारलंय, ते तिन्ही म्हणतं.

जुनाखेळाडू:

एकच निवड. मी पण तिन्ही करत बसलो होतो. आता बँकेत आहे.

कपडेपटवाली:

वरच्या दादांकडे दुर्लक्ष कर 😄

मी नऊ वर्षं मालिकांच्या कपडेपटात आहे, असिस्टंट. तुझे सर चुकीचं बोलले असं नाही म्हणणार मी, तीन वेगवेगळे ढीग दाखवलेस तर कोणीही भेळच म्हणणार. पण हे तीन विषय सेटवर वेगळे नसतातच गं. एक किस्सा सांगते म्हणजे कळेल.

एका ऐतिहासिक मालिकेत आम्ही नायिकेला टिश्यूची साडी दिली, काय दिसत होती, मॉनिटरवर सगळे वा वा करत होते. आवाज थेट सेटवरच घ्यायचा होता, नंतर डबिंग नाही. पहिल्या टेकला ती दोन पावलं चालली आणि साउंडवाला हेडफोन काढून ओरडला की ही बाई आहे की वेफर्सचं पाकीट! लेपल माइक छातीशी, त्यावर टिश्यूचा पदर, प्रत्येक श्वासाला चर्रचर्र. तासभर शूटिंग थांबलं. शेवटी साडी बदलली नाही, पदराच्या आतून मऊ धुतलेल्या मलमलची पट्टी टाचली, खळ लावलेला परकर काढून जुना वापरलेला दिला आणि बांगड्यांना मधूनमधून दोरा बांधला म्हणजे किणकिण बंद. त्या दिवसापासून मी कापड हातात घेतलं की आधी कानाशी चुरगाळते. बायका बघतात माझ्याकडे दुकानात, बघू देत.

टाफेटा, ऑर्गेन्झा, टिश्यू, कडक खळीचं कॉटन ही बोलणारी कापडं. धुतलेलं सुती, मऊ क्रेप, शिफॉन गप्प असतात. रेशीम मध्ये कुठेतरी, पैठणी तर जरीमुळे सळसळतेच आणि कधी कधी तेच हवं असतं, घरातली मोठी बाई खोलीत यायच्या आधी तिचा पदर ऐकू यावा असं.

'लगान' आठव. सिंक साउंडवर, म्हणजे आवाज थेट सेटवरच घेऊन शूट केलेला. त्याच्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत वेशभूषेचाही आहे आणि ध्वनीचाही. वेशभूषा भानू अथैयांची. त्यांचं तर तू वाचच. कोल्हापूरच्या, जे.जे.त चित्रकला शिकल्या, १९५३ला प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती, मग मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं, मग १९५६ पासून सिनेमा, आणि १९८३ला 'गांधी'साठी ऑस्कर, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. भारतातलं पहिलं. आता सांग, त्यांच्या ज्युरीत कोणी विचारलं असतं की चित्र की फॅशन की सिनेमा, तर?

माझं म्हणणं एवढंच, विषय तीन ठेव पण वस्तू एक धर. कापडाचा आवाज घे. वीस कापडं, वीस आवाज. फॅशन झाली, फिल्म झाली, म्युझिकच्या उंबऱ्यापर्यंत आलीस.

बूमवाला:

ताई, त्या दिवशीचा साउंडवाला मी नव्हतो पण असतो तर मीही ओरडलो असतो 😂 फक्त एक दुरुस्ती, सगळा दोष कापडाचा नसतो. अर्धा आमच्या लोकांचा असतो, माइक कुठे लावतो आणि त्याच्याखाली काय चिकटवतो त्यावर पण असतं. कपडेपटाने अर्धा तास आधी कपडा दाखवला तर आम्ही जागा शोधतो. पण दाखवतं कोण.

काजबटण, तुला फोली माहितीये का? सिनेमात जे पावलांचे, भांड्यांचे, दारांचे आवाज येतात त्यातले बरेचसे नंतर स्टुडिओत बसून पडद्याकडे बघत बघत वाजवलेले असतात. त्यात एक अख्खा ट्रॅक निव्वळ कपड्यांचा असतो. पात्र उठलं, वळलं, बसलं, की फोली आर्टिस्ट मांडीवर घेतलेलं कापड त्याच वेळी तसंच हलवतो. तो ट्रॅक प्रेक्षकाला ऐकू येतोय असं कधीच कळत नाही, पण काढून टाकला की माणसं पुतळ्यासारखी वाटायला लागतात. आणि गंमत म्हणजे पडद्यावर जे कापड दिसतं तेच वाजवतात असं नाही, जे बरं वाजतं ते वाजवतात. म्हणजे डोळ्याला पैठणी आणि कानाला आईची जुनी सिल्कची ओढणी.

फोनवर करता येतं, घाबरू नको. पंखा बंद. हो, मे महिन्यात, डोंबिवलीत, पंखा बंद, इलाज नाही. फ्रिज पण थोडा वेळ बंद करता आला तर बघ, त्याची घरघर आपल्याला ऐकू येत नाही पण फोनला येते. खिडक्या लावून कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटासमोर बस, लटकलेले कपडे खोलीतला घुमारा खातात. फोन कापडापासून एक वीत. रात्री दोन ते चार सगळ्यात बरं, चार वाजता कोकिळा सुरू होते आणि मग संपलं सगळं. प्रत्येक कापडाला तेच चार हात कर: चुरगाळणं, झटकणं, हळू ओढणं, हाताने थोपटणं. आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर, नंतर कामाला येते. फाइलचं नाव लगेच लिही, दुसऱ्या दिवशी सगळी कापडं सारखीच वाटतात, अनुभव आहे.

दादरचा_म्हातारा:

चर्चा वाचून राहवलं नाही. बाळ, तुझ्या सरांना माझ्यातर्फे एक नाव सांग. बालगंधर्व. १८८८ ते १९६७. गाणं तर होतंच, त्याबद्दल मी काय बोलणार, पण ते रंगमंचावर स्त्रीभूमिका करायचे आणि त्यांचं लुगडं, नेसण्याची ढब, दागिने, केसांतली फुलं हे सगळं त्या काळच्या घरंदाज बायका बघून बघून उचलायच्या. पुरुषाने नेसलेलं लुगडं बघून बायकांनी फॅशन केली, हे आजच्या इन्फ्लुएन्सर मंडळींना जमेल का सांगा. आमची आजी सांगायची की तिच्या सासूबाईंनी नाटक बघून आल्यावर नथ बदलून घेतली होती, खरंखोटं देव जाणे. आणि मग १९३५ साली हेच बालगंधर्व प्रभातच्या चित्रपटात संत एकनाथ होऊन आले, म्हणजे पुरुष वेषात. झाले की नाही तिन्ही विषय एकाच माणसात?

आणि प्रभातचं बोधचिन्ह आठवा, तुतारी फुंकणारी स्त्री. कंपनी १९२९ला कोल्हापुरात निघाली, १९३३ला पुण्याला गेली, आज तिथेच फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ते चिन्ह डिझाइनच्या पोरांनी तासभर नुसतं बघत बसावं. तिचा वेष, कमानीसारखी मागे गेलेली पाठ, आणि सुरू होताना येणारा तो सूर.

जुन्या ७८च्या तबकड्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड, मिळाल्या तर ऐक. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात बसवायचं. बैठकीत पाऊण तास चालणारं गाणं तीन मिनिटांत मावायचं म्हणजे काय काय गाळलं असेल. ते गाळणं म्हणजेच तुमचं डिझाइन, नाही का? थांबतो, फार बोललो.

काजबटण:

काका थांबू नका ना. आजोबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले हे दादरवाले नेहमीच असं बोलतात 🙈

कपडेपट ताई, कापडाच्या आवाजाची आयडिया डोक्यातून जात नाहीये. पण वीस कापडं घ्यायची कुठून, मीटर मीटर घेतलं तर तीन हजार एका तासात संपतील.

उरेबपट्टी:

मी पॅटर्नमेकर, गारमेंटमध्ये. आवाजबिवाज सगळं ठीक आहे पण मुली, आधी कापडाची उभी बाजू आडवी बाजू ओळखता येते का? नसेल तर तेही याच सुट्टीत कर. मांजरपाट, ते जाडसर कोरं सुती कापड, घे चारेक मीटर, स्वस्तात होतं, आणि त्याच्यावर काय कापायचं ते काप. कॉलेजात त्याला मस्लिन म्हणून डोक्यावर घेतात, दुकानात मांजरपाट म्हण, मुकाट्याने काढून देतील.

खरेदीला मंगलदास मार्केट. मशीद स्टेशनला उतर किंवा सीएसएमटीहून चालत जा, क्रॉफर्ड मार्केटच्या समोरच्या बाजूला. रविवारी बंद. सकाळी अकराच्या आसपास जा, दुपारनंतर आत भट्टी असते. 'स्वॉच द्या', म्हणजे नमुन्याचा तुकडा द्या, म्हणालीस की तोंड वाकडं करतात, कारण तुझ्यासारख्या दिवसाला पन्नास येतात. त्यापेक्षा एका दुकानातून तीन-चार कापडं पाव-अर्धा मीटर घे, काही देतात काही नाही देत, नाही म्हटलं तर वाद घालू नको, पुढे जा. कटपीसचे ढीग असतात त्यात हात घाल. आणि घरी फुकटात आहेच की, आईकडे फॉल-पिकोला येणाऱ्या साड्यांचं तू काय करतेस? लोकांच्या साड्या आहेत, घाण नको करू, पण थोपटायला आणि झटकायला काय जातंय. दहा कापडं तिथेच झाली.

आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी इंचांत, विचारून घे प्रत्येक वेळी. ३६चा पन्हा ४४ समजून घेतलास की हिशोब बोंबलला.

जुनाखेळाडू:

आता मलाच करावंसं वाटायला लागलंय हे. बँकेत महिन्यात दोन शनिवार सुट्टी असते तशी.

पेडर रोडला गुलशन महलमध्ये सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०१९ला सुरू झालंय, सोमवारी बंद, तिथेही जाऊन ये. आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुनी पोस्टर्स, कॅसेटी, तबकड्या. पोस्टर विकत घेऊ नको, खरं कुठलं नि छापलेलं कुठलं हे आपल्याला कळत नाही, मी दोनदा फसलोय. नुसतं बघ आणि अक्षरं उतरवून घे.

काजबटण:

बारा दिवसांनी लिहितेय. रिपोर्ट.

मंगलदासला मंगळवारी गेले, नावाला जागून. पहिल्या दुकानात स्वॉच म्हणाले, बाहेर काढलं. (उरेबपट्टी ताई, तुम्ही सांगूनही मी तेच केलं, माझीच चूक.) दुसऱ्या दुकानात एक म्हातारे चाचा होते, मी ऑर्गेन्झा कानाशी धरून चुरगाळत होते तर म्हणाले बेटा ये क्या कर रही हो, मी सांगितलं, तर त्यांनी काही न बोलता मागच्या फळीवरून एकेक तागा काढला आणि स्वतःच माझ्या कानाशी झटकायला लागले! सात कापडं अर्धा अर्धा मीटर घेतली आणि मांजरपाट चार मीटर, शिवाय परतीला वडापाव आणि सरबत धरून नऊशेच्या आत.

घरी आल्यावर खरी गंमत. मी कात्री घेऊन मांजरपाट सरळ कापायला बसले तर आईने हातातून काढून घेतलं, काठाला एक टिचकीएवढा काप दिला आणि दोन्ही हातांनी टर्रर्र करून फाडलं. एकदम सरळ. धागा धागा. म्हणाली सुती कापड कापायचं नसतं, फाडायचं असतं, ते आपणहून सरळ जातं. मग मला म्हणाली डोळे मिट, आणि चिंध्यांच्या पिशवीतून एकेक काढून फाडत गेली, हे सुती, हे टेरिकॉट, हे काय सांग. टेरिकॉट लगेच कळतं, ते फाटताना रडतं, आवाज मध्येच अडकतो. पॉलिस्टर तर फाटतच नाही नीट, ताणून ताणून शेवटी चुईं करतं. सोळा वर्षं ही बाई माझ्याशेजारी बसून हे करतेय आणि मी ईअरफोन घालून बसलेली.

बूमदादा, रात्री तीनला रेकॉर्ड केलं, एकोणीस कापडं, प्रत्येकी चार आवाज, शिवाय पाचवा फाडण्याचा (तो अर्थात फक्त आपल्या चिंध्यांचा, गिऱ्हाइकांच्या साड्यांचा नाही!!).

आता आजोबांचं. ते साळखात्यात होते, म्हणजे विणाईच्या, साच्यांच्या (मागांच्या) आवाजाने दोन्ही कान गेलेत, मशीन लावूनही अर्धंच ऐकू येतं. त्यांना हेडफोन लावून आवाज ऐकवले तर चेहऱ्यावर काही नाही. मला वाईट वाटलं. मग त्यांनी मांजरपाट हातात घेतला, अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळला आणि म्हणाले हा सूत जाडाय, आमच्या वेळी असला माल परत पाठवायचे. मी विचारलं साचा कसा वाजायचा हो. तर टेबलावर हात ठेवला आणि वाजवायला लागले. दोन ठोके, एक उजव्या हाताचा एक डाव्याचा, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा इकडून गेला, तिकडून आला, आणि मध्ये तळव्याने एक दाबलेला ठोका, तो फणी आपटल्याचा. चार मिनिटं वाजवलं, लय जराही हलली नाही. मी फोन नुसता त्यांच्या हातांवर धरून ठेवला, फ्रेमबिम काही नाही, बोटांची नखं आणि खाली मांजरपाट. 

नंतर मेट्रोनोमवर (लय मोजायचं यंत्र) लावून बघितलं तर धोट्याचे मिनिटाला ९८ ठोके. आजोबांना सांगितलं तर चिडले, म्हणाले साचा दोनशेच्या आसपास चालायचा, मी एक सोडून एक वाजवत होतो, हात म्हातारे झालेत.

आता माझा विचार असाय की ती चार मिनिटं तशीच ठेवायची, आणि त्या ठोक्यांवर एकोणीस कापडांचे आवाज बसवायचे. आणि त्याचं कव्हर कॅसेटसारखं, सावलीवाल्या अक्षरात. सरांना काय सांगायचं ते अजून माहीत नाही.

कपडेपटवाली:

अगं!! फाडायचा आवाज मला कसा सुचला नाही. दुकानात तो रोज ऐकते मी.

उरेबपट्टी:

मांजरपाट काय भावाने मिळाला? आणि आईंना नमस्कार सांग.

दादरचा_म्हातारा:

बाळ, आजोबांना सांग, दादरवाल्याचेही वडील गिरणीतच होते. कोहिनूरला. तुझ्या आजोबांचं खातं कुठलं ते कळलं, पाळी कुठली ते विचार.

बूमवाला:

पहिले मला ती फाइल पाठव. आणि पंखा बंद होता ना?

काजबटण:

बंद होता दादा. चौथ्या मिनिटाला आजोबांच्या कपाळावरचा घाम मांजरपाटावर पडला, तो टप्प पण आलाय रेकॉर्डिंगमध्ये. काढू की ठेवू?

बूमवाला:

हात लावू नको त्याला.